मुक्या योद्ध्यांची बोली

कोर्टात नाव पुकारण्याआधी ते टोपी मागे सरकवत आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहत. घसा कधी खाकरत नसत. खाकरणे हे त्यांच्या मते वकिलांचे काम. मग लिंबाखाली बसलेल्या गर्दीवरून पक्षकाराचे नाव असे जाई की रस्त्यापलीकडे चहा पिणारा माणूस हातातला कप ठेवून उठे. "आवाज पोचला पायजे," ते म्हणत. "मानूस येवो नाही त न येवो."

तुम्ही कधी तारखेसाठी वाशीमच्या कोर्टात दिवस घालवला असेल, तर हा आवाज तुमच्या कानावर पडला असेल. माणूस मात्र आठवणार नाही. शिपायाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

एकदा एक पुढारी तारखेला आले. मागे गाड्या, गाड्यांमागे कार्यकर्ते. त्यांतल्या एकाने या शिपायाच्या कानाशी येऊन सुचवले की साहेबांच्या नावाआधी 'लोकनेते' म्हणा. यांनी पुढाऱ्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव पुकारले. थोड्या वेळापूर्वी बकरीचोराचे पुकारले होते त्याच पट्टीत. कार्यकर्ता तणतणत आला, तेव्हा म्हणाले, "इथं सारे बापाच्याच नावानं येतात भाऊ." लोकनेते तोवर मुकाट्याने आत जाऊन उभे राहिले होते.

निवृत्त झाल्यावर ते बायकोसह आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, आणि आम्ही दोघांना काका-काकू म्हणू लागलो. काकूंची दृष्टी साखरेच्या आजाराने गेली होती. त्यामुळे काका घरात सतत बोलत. आता उठून राह्यलो, आता तांब्या भरून राह्यलो, आता दारात कुत्रं येऊन उभं हाये, ते तुझ्यावानीच रागीट दिसते. काकू म्हणत, एवढं तर रेडिओवालाही नाही बोलत. पण ते भाजी आणायला गेले की त्या दाराशी येऊन बसत, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांचा आवाज आला की उठून आत जात. वाट पाहत होत्या हे कळू नये म्हणून.

मग तो आवाज बसला. खोकल्याचे औषध झाले, काढा झाला, शेवटी अकोला झाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढून टाकले तर काही वर्षे मिळतील. नाही काढले तर काही महिने. हे काकांनी मला फाटकाशी उभे राहून सांगितले, आणि काकूंना अजून कळवलेले नाही हेही सांगितले. मी पडलो वकील, सल्ला दिला: ऑपरेशन करून टाका. "इचार करून राह्यलो," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आमच्या फिल्म क्लबचे उद्घाटन होते. सोयाबीन निघण्याचे दिवस, म्हणजे गावात कोणालाही वेळ नसण्याचे. तरी दीपप्रज्वलन झाले, शाली झाल्या, नारळ झाले. सिनेमा होता उत्तरेच्या समुद्रावरच्या हजार वर्षांपूर्वीच्या योद्ध्यांचा, ज्यांना व्हायकिंग म्हणतात. प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या पराक्रमावर भरपूर वेळ घेतला आणि दर्यावर्दी वृत्ती आपल्या मातीतच आहे, असे सांगितले. वाशीमच्या मातीत. टाळ्या पडल्या, आणि पाहुणे सिनेमा सुरू होण्याआधी निघून गेले. काकांना मी सोबत नेले होते. तलवारी आहेत, म्हटले, जरा मन रमेल.

तलवारी होत्या, पण म्यानात. राजा लढाईत मेलेला असतो. त्याचे प्रेत नावेत घालून योद्धे घरी निघतात, आणि त्याला माती देईपर्यंत कोणी बोलायचे नाही, अशी शपथ घेतात. मग दोन तास धुके. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, लढाई कवा हाये, आणि उत्तर न मिळाल्याने रांगच उठून गेली.

"हे काहून बोलून नाही राह्यले?" काकांनी विचारले.

शपथ आहे, मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. पुढची तारीख मिळाल्यावर पक्षकार म्हणतो तसे.

नंतर एकदा पाहिले तर काका डोळे मिटून बसले होते. झोपले असतील असे वाटले, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही. अध्यक्षही झोपले होते. शेवटी पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले. नाव काठाला लागली की नाही, हे दिग्दर्शकाने आमच्यावर सोडले होते.

परत येताना ते म्हणाले, "डोळे मिटून पाह्यला मी. नुसतं धुकं, अन् आजूबाजूले मानसं हायेत पन कोनी बोलत नाही. तिले असंच होईन." आणि मग, गल्लीच्या तोंडाशी आल्यावर, "नाही करत मी ऑपरेशन."

मी भांडलो. म्हटले, तुम्ही गेलात तर त्यांना आवाजही नाही आणि तुम्हीही नाही.

"मेलेला मानूस मुका असते, थे समजते," ते म्हणाले. "जिता मानूस घरात मुका फिरते, थे तिनं कायले सोसावं?"

काकूंना त्यांनी गाठीचे सांगितले, ऑपरेशनचे सांगितले नाही.

त्यानंतर दुपारी त्यांच्या खिडकीखालून जाताना मला तो सिनेमा ऐकू येऊ लागला. काका तो काकूंना सांगत होते. पण ज्यांनी दोन तासांत अवाक्षर काढले नाही, ते योद्धे इथे अखंड बोलत होते. नावेला डोंगा आणि वल्ह्यांना चाटू म्हणत होते. दिग्दर्शकाने कोणाला नाव दिले नव्हते, म्हणून काकांनी आमच्या भागातली गावे दिली होती. मेडशीवाला मालेगाववाल्याला म्हणे, "चाटू मार ना बे, काहून बसून राह्यला?" मालेगाववाला म्हणे, सकाळपासून भाकर कोणी दिली? राजासुद्धा मेलेला असून अधूनमधून बोले. तक्रार अशी की पाठीखालची फळी टोचते. काकू हसत. एकदा त्यांनी शंका घेतली की मेलेला कसा बोलते जी. काका म्हणाले, "राजा हाये थो. त्याले कोन गप बस म्हनन?"

दिवसागणिक योद्धे हळू बोलू लागले. काकूंनी बाज जवळ ओढून घेतली. पुढे खिडकीतून मला काहीच ऐकू येईना. दिसे तो त्यांच्या तोंडाशी नेलेला काकूंचा कान. तूर काढणीला आली तेव्हा काका गेले.

तेराव्यानंतर भेटायला गेलो. काकूंनी पाणी विचारले, आणि दुसऱ्या कशाविषयी न बोलता मेडशीवाल्याविषयी बोलू लागल्या. काय हसवत होता थो, म्हणाल्या.

"डोंगा काठाले लागतच नव्हता," त्या म्हणाल्या. "रोज म्हनत, काठ दिसून राह्यला, उद्या लागते. मीबी कायले घाई करू? लागला असता त सरला असता ना सिनेमा."

मग त्यांनी विचारले, मी पुरा पाहिला होता का. मी हो म्हणालो. आता पडद्यावर पाहिले ते सांगावे, की नाव काठाला लागली म्हणून सांगावे, याचा मी विचार करत होतो.

"मंग सांगू नका," त्या म्हणाल्या. "असू द्या त्याहीले डोंग्यात."