चार दोऱ्यांची खाट

चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तानुबाईचं नाव काढलं की म्हातारी माणसं एकच सांगायची: ही बाई गोष्ट अर्धी सोडायची नाही. पोरं पेंगू देत, कुणाची आई हाका मारू दे, तानुबाई दारात आडवी उभी राहायची आणि शेवट सांगूनच वाट मोकळी करायची. पण हा काही तिचा जन्माचा गुण नव्हता बरं! उलट गोष्ट मधेच तोडण्यात तिचा हातखंडा होता. त्यापायी सन तीस-बत्तीसच्या सुमाराला तिच्या जिवाचं कसं पाणी पाणी झालं, ते सांगतो.

तानुबाई विधवा. मिशनच्या शाळेत पोरींना शिवण शिकवायची आणि दर रविवारी डोंगराखालच्या एका पाड्यावर चालत जायची, पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगायला. नुसत्या तोंडी गोष्टीला ही पोरं बधत नाहीत, हे तिला पहिल्याच रविवारी कळलं. निम्मी शेळ्यांमागं पळाली, उरलेली तिच्या पिशवीत डोकावत बसली. मग तिनं कागद धरला. चहाच्या पुड्या, जुनं पंचांग, साबणाचं खोकं, काय मिळेल ते. कणकेची खळ, हळदीचा पिवळा, पळसफुलांचा केशरी, आणि शिवणाची कातर. त्यातून नोहाची नाव झाली, झाडावर सरसर चढणारा जक्कय झाला, योनाला गिळणारा मासा झाला. माशाच्या पोटाला खिसा, आणि खिशात योना! पोरं अगदी वेडी व्हायची. आणि ऐन रंगात आलं की ही बया कातर पिशवीत टाकायची.

"मंग काय व्हयनं, अक्का?"

"ते पुढल्या रविवारी!"

म्हणजे पोरं पुन्हा येणार. थोडी लबाडच होती म्हणा ना.

त्या रविवारी तिनं पांगळ्या माणसाची गोष्ट घेतली. येशू एका घरात बसलेला, दारात ही गर्दी. चार मित्र आपल्या पांगळ्या दोस्ताला खाटेवर घालून आणतात, आत शिरायला जागा नाही, मग छप्पर उचकटून खाट दोरांनी खाली सोडतात. तानुबाईनं प्रत्येक पोराला कागदाची खाट करून दिली, चार कोपऱ्यांना चार दोरे, वर आडवा निजलेला माणूस. माणसाच्या कमरेत तिनं एक घडी घालून ठेवली होती. ती दाबली की तो ताडकन उभा राहणार! पण ती गंमत पुढल्या रविवारची. खाट छपरातून खाली आली आणि बाईनं गोष्ट तोडली.

पुढल्या रविवारी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजून भोपळा झाला. जाणं राहिलं. त्याच्या पुढल्या रविवारीही राहिलं.

मग बाजाराच्या दिवशी पाड्यावरचा गुराखी पुना तिच्या दाराशी आला. आत येईना, पाणी घेईना. खाली मान घालून म्हणाला, कुवरसिंगची जमना तापानं फणफणलीय, डोळे उघडत नाही. आणि तिची आजी, म्हातारी बिजलीबाई म्हणते, अक्कानं पोरीच्या हातानं घरात तिरडी धाडली.

"तिरडी?" तानुबाईला आधी काही उमजेना. मग उमजलं. आडवा माणूस. चार दोरे. उचलणारे चार जण. अगं बाई, हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही! पोरांना देव सांगायला गेली आणि दारी मरण टांगून आली. आता पोरीचं बरंवाईट झालं तर? लोक आपल्याला डाकीण म्हणतील, ते एक सोडा. पण ती सात वर्षांची जमना, खळीचं बोट चाटणारी, खिशातल्या योनाला भाकरीचा तुकडा भरवणारी... तानुबाईनं पायाची पट्टी तशीच आवळली आणि पुनाच्या मागून निघाली. शेजारीण ओरडत होती, "जाऊ नका, मारतील तुम्हाला!" तिनं वळूनही पाहिलं नाही.

पाड्यावर बाया पोरांना आत ओढून घेत होत्या. कुवरसिंगच्या दारात त्याचा भाऊ डोंगरसिंग काठी घेऊन उभा होता, पण आतून म्हातारीनं 'येऊ दे' म्हटलं तसा तो बाजूला झाला. आत आढ्याला ती कागदाची खाट टांगलेली होती. जमनानं आजारी पडायच्या आधी स्वतःच टांगली होती, गोष्टीतल्यासारखी. आणि तिच्या बरोब्बर खाली, खऱ्या खाटेवर, जमना. ओठ फुटलेले, अंग इतकं तापलेलं की हात ठेववेना.

त्या कागदाच्या खाटेला कुणी हातच लावला नव्हता. फेकावी तर घरातून तिरडी निघाली असं व्हायचं, जाळावी तर पोरच जाळली म्हणायचं. म्हणून सगळं घर दिवसरात्र मान वर करून तिच्याकडे बघत बसलेलं.

"इले दवाखान्यात नेलं पाहिजे," तानुबाई म्हणाली. "हिवताप शे हा. चोपड्याले कोयनेलनं औषध मिळस."

कुवरसिंग लाल डोळ्यांनी म्हणाला, "कशी लई जाऊ? पाठवर मान टाकी देस. खाटवर? जित्ता माणूसले चार जन उचलतस नही, अक्का. ज्याले उचलतस, तो परत येस नही."

तेवढ्यात कोपऱ्यातून बिजलीबाई उठली. म्हातारी काठीसारखी वाळलेली, पण आवाज खणखणीत.

"त्याले तूच निजाडं. आते तूच उठाड."

तानुबाईनं वर हात केला, पण गाठ सुटेना. तिला वाटलं, मी कोण उठवणार? मला कागद उठवता येतो, माणूस नाही. हा कागदाचा माणूस उठला आणि पोर उठली नाही, तर? या लोकांना काय तोंड दाखवू, आणि देवाला तरी काय! तरी तिनं दोरे सोडवले, खाट तळहातावर घेतली आणि अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सांगू लागली. सांगता सांगता कमरेची घडी दाबली.

माणूस ताडकन उभा राहिला.

तानुबाईनं कागदाची खाट गुंडाळून त्याच्या काखेत अडकवली. "येशूनी सांगं, ऊठ, तुनी खाट उचल आनि घर जा. तो उठना. सोताना पायवर चालत घर गया."

"चार जननी उचलेल माणूस?" बिजलीबाईनं विचारलं.

"हो, आई."

"परत उना?"

"परत उना."

म्हातारीनं त्या उभ्या माणसाला बोटानं चाचपून पाहिलं. मग लेकाला म्हणाली, "उचल खाट."

कुवरसिंग, डोंगरसिंग आणि पुना. तिघेच झाले. चौथा कुणी पुढे येईना, जो तो दाराआड. तानुबाईनं पदर खोचला आणि चौथ्या कोपऱ्याला खांदा लावला.

तिच्यासाठी हे नवं नव्हतं हो. मानमोडीच्या साथीत नवरा सुकदेव गेला, तेव्हा धर्म बदललेल्याच्या दारी भाऊबंद फिरकले नाहीत. तिघेच मिळाले होते. चौथा खांदा तिनं दिला. बाईमाणसानं खांदा दिला म्हणून गावानं पुढं कैक वर्षं तिला नावं ठेवली.

आज तोच खांदा. बाई ठेंगणी, त्यामुळं खाट तिच्या बाजूला कलायची आणि सगळा भार तिच्यावर यायचा. सुजलेल्या पायानं लंगडत ती चालली, आणि दर थोड्या वेळानं मान वळवून बघायची, पोरीची छाती हलते की नाही. मधेच पोरीला हुडहुडी भरली आणि खाट गदगदा हलू लागली, मग ते हलणंही थांबलं. देवा, हिला परत आण. मला काय म्हणायचं ते म्हणू देत, हिला परत आण.

दवाखान्याच्या दारात ही गर्दी! खाट आत जाईना. तेव्हा खाटेवर जमनाचे तांबूस डोळे उघडले आणि क्षीण आवाज आला, "अक्का, आते छप्पर फोडा."

कुवरसिंग तिथंच हुंदका देऊन रडला. लोकांनी वाट दिली.

कोयनेलचे कडू डोस पोरीनं शिव्या देत घेतले. ताप उलटून आला, पुन्हा उतरला. तोवर तानुबाई दवाखान्याच्या ओट्यावरच बसून होती. जमना पेज मागू लागली तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

परत जाताना पाड्याची शीव आली आणि कुवरसिंग पोरीला खांद्यावर घ्यायला वाकला. जमना मागं सरली. "नही. मी चालसू. आनि गोधडी मी लेसू." खाटेवर अंथरलेली गोधडी काखेत मारून, निम्मी धुळीत ओढत, ती काटकुळ्या पायांनी पुढं निघाली.

शिवेवर बिजलीबाई उभी होती. तिनं नातीला जवळ घेतलं, पायांना हात लावून पाहिलं आणि आत धाडलं. मग ती तानुबाईकडे वळली. तानुबाईनं मान खाली घातली, आता ऐकायचं ते ऐकायचं म्हणून. म्हातारीनं तिचा पदर बाजूला केला. खाटेच्या दांडीनं खांदा काळानिळा पडला होता. त्यावर तिनं आपला खरखरीत हात ठेवला.

"दुखस का, बाई?"

सुकदेवच्या वेळेला साऱ्या गावानं त्या खांद्याबद्दल काय काय म्हटलं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तानुबाई शिवेवर सगळ्यांदेखत म्हातारीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.