चाकांवरचा बर्थ

माझ्या बायकोच्या मामांइतका आवाजाचा लोभी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. साऱ्या जगाला झोपायला शांतता लागते, मामांना खडखडाट. निजामपुऱ्यात खाली त्यांचे कापड विणायचे लूम आणि वर माळ्यावर घर. जन्मभर ते त्या आवाजावर निजले. वीज गेली की अख्ख्या गल्लीला हायसं वाटायचं; मामा तेवढे दचकून उठायचे आणि विचारायचे, "लाईट गेली काय?" पुढे गुडघे गेले, मुलं गोदामांच्या धंद्यात शिरली, लूम भंगारात निघाले आणि त्यांच्याबरोबर मामांची झोपही गेली. गोळ्या झाल्या, काढे झाले. अखेर एका जुन्या कारागिराच्या घरच्या लग्नाला बनारसच्या गाडीत बसले आणि कल्याण सुटतंय न सुटतंय तोच घोरू लागले.

तेव्हापासून मामा झोपायला रेल्वेने जातात. कधी भुसावळ, कधी इटारसी. तिकडे त्यांचं कुणी नाही. स्टेशनावर चहा प्यायचा आणि परतीच्या गाडीत पुन्हा आडवं व्हायचं. घरची मंडळी सोबत मला धाडतात, कारण मी रिटायर झालोय आणि मला नाही म्हणता येत नाही. त्यांच्या झोपेपायी माझी झोप आणि कंबर दोन्ही कामातून गेलीत. शहाणी माणसं स्लीपरच्या डब्यात मधल्या भागातला बर्थ मागतात, तिथे हादरे कमी बसतात. मामांना टोकाचाच हवा, दाराजवळचा, खालचा, बरोबर चाकांवरचा. पलीकडे संडास, दार सारखं आपटतंय, मी नाकाला रुमाल लावून बसलेला आणि मामांची ब्रह्मानंदी टाळी लागलेली. एका भल्या बाईंनी म्हाताऱ्याची दया येऊन आपला डब्याच्या मधल्या भागातला बर्थ देऊ केला, तर मामा दुखावले. "बाय, तिथं काय हाय? चाक तर हितं हाय," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मागच्या वेळी मात्र गाडीला नवे डबे लागले होते. मामा आडवे झाले, कूस बदलली, पुन्हा बदलली. कसारा गेलं, इगतपुरी गेलं, डोळा लागेना. मग उठून दोन डब्यांच्या जोडापाशी जाऊन उभे राहिले. तिथे जरा खडखड होती. पण गुडघे किती वेळ साथ देणार? परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"डबा बेस हाय, जावई. पन आवाजच न्हाय," ते म्हणाले. "जुने डबे काय कायमचे ऱ्हानार न्हाय. मंग मी निजाचं कुठं?"

नाशिकरोडलाच उतरून आम्ही परत आलो.

आता मामा दुपारचे आमच्याकडे येतात. बायकोचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आहे, त्याच्याशेजारी सतरंजी टाकतात. शिवायला काहीच नसतं. ती दोरा काढून ठेवते आणि नुसती पायडल मारत राहते. तिचे पाय भरून आले की मी बसतो. हळूहळू मामांचा श्वास लांबतो, कपाळावरच्या आठ्या सुटतात. अशा वेळी मला त्यांची फार माया येते. पण मीही आता थकलोय. पाय चालता चालता माझेच डोळे मिटतात आणि मशीन थांबतं. मामा दचकून उठतात.

"लाईट गेली काय?"

"नाही मामा, आहे. निजा तुम्ही," मी म्हणतो आणि पुन्हा पाय मारू लागतो.