सतराव्या प्रश्नाचं उत्तर

इस्त्रीवाल्या काकूंचं नुकसान माझ्या हातून झालं, तेही एका पेनाच्या खुणेने. आमच्या पाहणीच्या साहेबांना हे पटत नाही. मला मात्र ते रोज आठवतं आणि रोज डोकं फिरतं.

सरकारी घरांच्या त्या वसाहतीत तीन वर्षं स्वावलंबनाची योजना चालू होती. तळमजल्यावर कचेरी, तिथे नोकरीचे अर्ज भरून देणाऱ्या एक बाई, संगणकाचे वर्ग आणि मागच्या दोन खोल्यांत पाळणाघर. एवढ्याने लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले का, हे मोजायला मला पाठवलं होतं. बासष्ट प्रश्न, घरटी पाऊण तास.

काकू चौथ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट बंद. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सकाळी सहा ते दोन चादरी इस्त्री करायच्या आणि घरी येऊन पुन्हा इस्त्रीच. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. मुलगी परगावी नोकरीला, चार वर्षांची नात यांच्या पदरात. मी दारात धापा टाकत उभी राहिले, तर आधी माझ्या चुरगळलेल्या कॉलरकडे बघून म्हणाल्या, अशा अवतारात तू लोकांना स्वावलंबन विचारत फिरतेस? कॉलर सरळ करून दिल्यावरच मला बसू दिलं.

छापील ओळ मी वाचून दाखवली: तुमच्या उत्तरांमुळे तुमच्या सोयींत काही बदल होणार नाही. मग सतरावा प्रश्न आला. कोणाच्याही मदतीशिवाय तुमचं घर चालतं का?

काकूंनी इस्त्री उभी ठेवली. "बावीस वर्षं मी कोणापुढे हात पसरलेला नाही. लिही तसं."

नात खालच्या पाळणाघरात जायची, त्याची मी आठवण करून दिली. तर म्हणाल्या, ती काय मदत झाली का, ती पोरीची शाळा आहे. समजावून सांगायला हवं होतं. पण अजून चार घरं बाकी होती, आणि सांगतील तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद. मी 'हो'वर खूण केली.

फॉर्मवर घराचा नंबर होता. कचेरीने 'हो'वाली घरं वेगळी काढली, ती स्वावलंबी झाली असं ठरवलं आणि त्यांच्या पाळणाघरातल्या जागा काढून घेतल्या. मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, बंद झालेला फॉर्म उघडता येत नाही, आणि आकडे किती छान आलेत बघ.

चार महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तर काकू भर सकाळी घरात. नातीला ठेवायला जागा नाही, म्हणून धुलाईखाना सुटला होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाणी दिलं.

मी फॉर्म काढला आणि सरळ सांगितलं, "काकू, या वेळी सतराव्याला 'नाही' म्हणा. जागा परत मिळेल, कामावर जाता येईल."

नात जमिनीवर रुमालांच्या घड्या घालत बसली होती, अगदी आजीसारखं चारही कोपरे जुळवून.

"लिही," काकू म्हणाल्या. "पण आधी पोरीला बाहेर ने. तिच्यासमोर मी ते म्हणणार नाही."