खेळ संपल्याशिवाय उघडत नाही

चूक माझी होती, आणि ती वीसेक वर्षं बायकोच्या नावावर खपली. आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू केला की थेट खेळातच उघडायचा. तसा तो मी करून ठेवला होता. घरात आणि पाहुण्यांत मात्र असं बोललं जायचं की, सुनेसाठी एवढं मशीन आणलं आणि तिनं त्यावर नुसते खेळ खेळले. मी ते ऐकत आलो. काही वेळा हसलोही.

तेव्हा मी सेलूला एका बँकेत कारकून होतो. घर परभणीत, रोज पॅसेंजरनं जाणं-येणं. शाखेत कॉम्प्युटर येणार अशी कुणकुण होती आणि तो येईल तेव्हा सगळ्यांत आधी आपल्याला चालवता यावा, अशी माझी हौस होती. पण एवढी मोठी वस्तू घरात आणायची तर आईला पटेल असं कारण हवं होतं. ते कारण मी बायकोत शोधलं. ती पेडगावची. लग्नाआधी एसटीनं परभणीला येऊन तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि तिचा हात चांगला चालायचा. कृषी विद्यापीठातल्या पोरांना प्रबंध टाइप करून लागतात, ते काम घरबसल्या करता येईल, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "करील तर लय चांगलं हाय. घरात बसून होतंय म्हणल्यावर आपलं काय जातंय."

मधल्या खोलीत टेबलावर मशीन बसलं. बायकोनं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, आणि त्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम झाला. तो कुणी केला आठवत नाही, पण आम्ही सगळे पाळायचो.

घोटाळा सुरू झाला तो बघायला येणाऱ्यांमुळे. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राहायची, बस. शेजारचे काका पाच मिनिटं बघून म्हणाले, "आजून चालू न्हाई झालं का?" मी म्हणालो, झालंय. ते म्हणाले, "मग दाखव की काहीतरी." मला ते फार लागलं. औरंगाबादला बँकेच्या ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा बरोबरच्या एकानं मला खेळाची फ्लॉपी दिली होती. मशीन चालू होताना स्वतःहून एक फाइल वाचतं आणि तीत लिहिलेलं एकेक करत जातं, हेही त्यानंच शिकवलं होतं. त्या फाइलच्या शेवटी मी दोन-चार ओळी घातल्या. खेळाच्या जागी जा, खेळ सुरू कर, आणि खेळ संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. म्हणजे ती लुकलुकणारी रेघ कुणाला दिसायलाच नको. पुढच्या रविवारी काका आले, मी बटण दाबलं आणि हात मागं बांधून उभा राहिलो. टुणटुण आवाज होऊन पडद्यावर एक छोटा माणूस पळायला लागला. काका म्हणाले, "आरं वा, हे कसं आपोआप व्हायलंय?" त्या एका वाक्यासाठी मी ते केलं होतं.

खेळ असा होता. तो छोटा माणूस तळघरात अडकलेला असतो. खोलीतून खोलीत जात किल्ल्या गोळा करायच्या, दारं उघडायची, एकेक मजला वर चढायचं. पाय चुकला की परत तळाला. मी स्वतः कधी अर्ध्याच्या वर गेलो नाही.

खेळातून बाहेर पडून टायपिंगकडं जायचं तर दोन बटणं एकदम दाबायची, मशीन विचारायचं की थांबू का, त्याला हो म्हणायचं. एवढंच. संध्याकाळी मी सेलूहून आलो की ते करून ठेवायचो. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत यायची तोवर टायपिंग उघडलेलं असायचं. मधे मी काय केलं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

दिवाळीनंतर तिला पहिलं काम मिळालं. विद्यापीठात शिकणारी एक मुलगी ओळखीनं आली. ज्वारीवरच्या किडीवर तिचा प्रबंध होता, हातानं लिहिलेल्या कागदांचा हा एवढा गठ्ठा. संक्रांतीनंतर लगेच द्यायचा होता. तिचे सर म्हणाले होते, हा नीट झाला तर बाकीच्या पोरांनाही इथंच पाठवतो. बायकोनं तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी तिनं न सांगता शिरा केला होता.

पण संध्याकाळी आमच्याकडं लाइट जायची. कधी असली तर मी खेळत बसलेला असायचो, दमून आलोय म्हणून. एक-दोन पानं झाली की जेवणाची वेळ. चार-आठ दिवस असं झाल्यावर तिनं मला विचारलं.

"अहो, दुपारी लाइट असते. तुम्ही नसताना मीच चालू केलं तर? पण तो खेळच येतो. टायपिंग कसं उघडायचं?"

मी पायजम्याची नाडी बांधत होतो. म्हणालो, "खेळ संपल्याशिवाय उघडत नाही. तळघरातून तो माणूस बाहेर काढायचा, मग टायपिंग."

"काहीतरीच."

"बघ की करून."

चेष्टा होती. पण चेष्टा करणारा माणूस नंतर हसतो, आणि मी हसलो नाही. दोन बटणं दाखवायला किती वेळ लागला असता? खरं सांगायचं तर तिनं मला विचारावं, माझी वाट बघावी, हे मला आवडत होतं. टायपिंगला ती बसली की तिची बोटं अशी भरभर चालायची की मला ते बघवत नसे. मी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत मारायचो. ते मशीन माझं आहे असं वाटायला माझ्याजवळ तेवढी दोन बटणंच होती.

तिनं ते खरं मानलं; संध्याकाळी मीही तो खेळ संपवूनच टायपिंग उघडतो, असं तिला वाटलं. का मानू नये? तिनं आयुष्यात दुसरा कॉम्प्युटर पाहिला नव्हता, आणि सांगणारा नवरा होता, जो ट्रेनिंग करून आलेला होता. दुपारची भांडी झाली की ती झाकण काढून बसायची. आधी नुसतीच पडायची. मग तिला खोल्या पाठ व्हायला लागल्या. भाकरी थापताना ती पुटपुटायची, "डावीकडं, खाली, किल्ली, मग थांबायचं." मला ऐकू यायचं. एकदा विचारलं, कुठवर गेलीस? म्हणाली, "चौथ्या मजल्यावर. तिथं दोन दारं आहेत, त्यातलं खोटं कोणतं ते कळंना." मी जेवत राहिलो.

आई दुपारी बाहेरच्या खोलीत लवंडायची. तिला टुणटुण ऐकू यायचं. एका संध्याकाळी मी दारात चपला काढत होतो आणि आई शेजारच्या मावशींना सांगत होती, "आमची सून दुपारभर खेळायलीय. पोरगं तिकडं सेलूला राबायलंय अन् हिचा इकडं टुणटुण."

आतून बायको आली. तिचा पदर खोचलेलाच होता. "आई, मी खेळत नाही. तो खेळ संपल्याशिवाय काम उघडतच नाही."

मावशी हसल्या. आईनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय रे? आसं आसतंय का?"

बायकोही माझ्याकडंच बघत होती. शांतपणे, कारण तिला माझं उत्तर माहीत होतं. मी हो म्हणालो असतो तर निदान ती सुटली असती. नाही म्हणालो असतो तर मी खोटा पडलो असतो. मी दोन्ही म्हणालो नाही. नुसता हसलो आणि पाय धुवायला मोरीत गेलो. मागून आईचा आवाज आला, "बघा, त्याच्या तोंडावरच दिसायलंय."

त्यानंतर मला सांगता येईना. पहिल्या दिवशी ती चेष्टा होती. आता ती उलगडून सांगायची म्हणजे मी तिला इतक्या दुपारी फसवलं आणि आईपुढं पाडलं, हे सांगावं लागलं असतं. रोज पॅसेंजरमध्ये बसलो की ठरवायचो, आज सांगू. परभणी आलं की वाटायचं, गुपचूप त्या ओळी काढून टाकू. पण काढल्या तर ती विचारणारच, आता कसं उघडलं? गठ्ठा देवघराखाली तसाच होता. ती मुलगी दोनदा येऊन विचारून गेली. बायको तिला म्हणायची, "होईल ताई, थोडं राहिलंय," आणि मला कळायचं की ती मजल्यांबद्दल बोलतेय.

संक्रांतीच्या सुमाराला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. गावात एकीकडं गुलाल आणि एकीकडं बंद, दुकानांची शटरं खाली. मी सेलूला गेलो नाही. जेवणं झाली, आई आणि मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो. रस्त्यावर एरवीच्या रिक्षांचा आवाज नव्हता, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. ती खेळत होती. बराच वेळ. मग एक धून वाजली, जी मी कधीच ऐकली नव्हती.

मी उठून दारात गेलो. पडद्यावर तो छोटा माणूस उघड्यावर उभा होता. वर आकाशासारखं काहीतरी काढलेलं होतं, ठिपके ठिपके. इंग्रजीत अभिनंदन आलं. बायकोनं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. प्रबंधाचा गठ्ठा तिनं आधीच शेजारच्या स्टुलावर आणून ठेवला होता, वरचं पान उघडून.

धून संपली. पडदा काळा झाला. आणि मी लिहून ठेवलेलं होतं तसं, तळघर पुन्हा आलं. माणूस तळाला, पहिल्या खोलीत.

ती वळली. मी दारात आहे हे तिला माहीत होतं बहुतेक.

"अहो, उघडलं नाही."

मी म्हणालो, "लाइट कमीजास्त झाली असेल मधेच. बिघडलं असेल काहीतरी."

तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मग परत करू का?"

त्या वेळी तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी सगळं बोललो असतो. पण तिनं खरंच विचारलं होतं. ती परत बसायला तयार होती. मी म्हणालो, राहू दे, बघतो मी. ती चहा टाकायला गेली आणि मी त्या ओळी काढून टाकल्या. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुरुस्त केलंय, आता सरळ टायपिंगच येतं. ती बरं म्हणाली. पण बंद उठल्यावर ती मुलगी आली आणि उभ्यानंच बोलली. "ताई, राग मानू नका. सरांनी गेटजवळच्या दुकानात द्यायला सांगितलंय. तिथं दोघं-तिघं बसतात, पटकन होईल." बायकोनं कागद नीट जुळवले, गठ्ठ्याची दोरी तुटली होती म्हणून स्वतःच्या वेणीची रिबीन बांधून दिला. त्या सरांकडून नंतर कुणी आलं नाही.

ती पुन्हा मशीनपुढं बसली नाही. मी दोन-तीनदा म्हणालो, आता उघडतं की सरळ. ती म्हणाली, "असू द्या. तुमचं आहे ते." झाकण तिनं धुवून परत घातलं. पुढं बँकेत कॉम्प्युटर आला, मला बढती मिळाली, लोक म्हणाले घरी सराव केला म्हणून.

आणि आईची गोष्ट राहिली. बारशाला, लग्नाला, दिवाळीला, आई सांगायची. "एवढं मशीन आणलं हिच्यासाठी, हिनं दुपारभर टुणटुण केलं." सगळे हसायचे. बायकोही हसायची, कारण न हसता बसणं जास्त कठीण होतं. मी त्या हसण्याकडं बघायचो नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आई एवढी म्हातारी झाली, आता कशाला.

चार वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरलं. तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली. विहीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी बायकोला सहज विचारलं, "तुम्ही कधी नोकरीबिकरी केली का?" बायको उत्तर द्यायच्या आधी आईनं पानाचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हिची नोकरी सांगू का? ह्यानं मशीन आणलं हिच्यासाठी..."

मुलगी समोर बसली होती. तिनंही ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, तिच्या तोंडावर हसू आधीच आलं होतं. बायकोच्याही. ते सारखंच हसू होतं. मला एकदम कळलं की मी गेलो तरी ही गोष्ट राहील. ती मुलीच्या सासरी जाईल, तिथंही सांगितली जाईल.

मी म्हणालो, "आई, थांब. ते तसं नव्हतं."

आईला कमी ऐकू येतं. ती सांगतच होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि मोठ्यानं बोललो, म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं. "ती खेळत नव्हती. मशीन चालू केलं की खेळच यावा असं मी करून ठेवलं होतं. बाहेर कसं पडायचं ते तिला सांगितलं नाही. खेळ संपला की काम उघडतं असं खोटं सांगितलं. तिनं तो खेळ संपवला. कामासाठी. मला तो कधी जमला नव्हता. आणि आई, तू मला विचारलंस तेव्हा मी हसून निघून गेलो."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. आई म्हणाली, "आता हे काय मधीच." मुलगी तिच्या आईकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिनं विचारलं, "मग उघडायचं कसं?"

"दोन बटणं एकदम दाबायची होती."

"दोनच?"

"दोनच."

मी खुर्चीवरून उठून तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. पाहुण्यांसमोर, मुलीसमोर. आमच्या घरात कोणत्याही पुरुषाला बायकोपुढं असं उभं राहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं, हात कुठं ठेवायचे तेही कळेना.

"तुझं काम माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो, "आणि नाव तुझं खराब झालं. मी चुकलो. मला माफ कर."