डालग्याखालची काळी

शाहूवाडीच्या डोंगरात आमची वाडी. कोंबड्या इथं सगळ्यांच्याच दारात, पण अंड्यांवर कोंबडी बसवावी ती धोंडुबाईनं. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. वाडीतली लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर धोंडुबाईच्या काळ्या वाणाची एक तरणी कोंबडी द्यायची, अशी आमची रीतच होती. त्या वाणाची पिल्लं पार कोडोलीपर्यंत नांदली.

कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून कुरकुरायला लागली, की धोंडुबाई माजघराच्या कोपऱ्यात पाटी ठेवायची. पाटीत चुलीतली राख, राखेवर भाताचं पिंजर, पिंजरावर अंडी, अंड्यांवर कोंबडी आणि वरून बांबूचं डालगं. रोज सकाळी ती डालगं उचलायची, कोंबडीला हातानं बाहेर काढायची, दाणापाणी दावायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसवायची. म्हणायची, "बसलेल्या कोंबडीला तहान कळत न्हाय. ती आपल्याला कळाय लागती."

मग एका थंडीत कोंबड्यांवर मानमोडी आली. सकाळी खुराडं उघडावं तर दोनचार कोंबड्या माना पिळवटून पडलेल्या. वाडीतलाच काय, लेकींच्या सासरचाही काळा वाण बघता बघता संपला. धोंडुबाईकडं एक कोंबडी, तिची काळी, आणि एक कोंबडा तेवढा राहिला.

त्यातच तिचा नवरा जोतीराम काविळीनं अंथरुणाला खिळला. दवाखाना झाला, मग भावकी म्हणाली, देवाला कोंबड्याची राखण द्या. कोंबडा मागितला तेव्हा धोंडुबाईनं स्वतः त्याचे पाय बांधून दिले. कोंबडा गेला, पण काळी तेव्हा अंडी घालत होती. त्या जोडीची शेवटची अंडी धोंडुबाईनं गाडग्यात जपली आणि काळी खुडूक होताच तिच्याखाली ठेवली. त्यातनं पिल्लं निघाली नाहीत तर वाण बुडाला, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले होते, आणि भर एप्रिलात जोतीराम गेला.

लेक सम्राट कागलच्या एमआयडीसीत ढलाईच्या कारखान्यात असतो. तो आणि त्याची बायको वर्षाराणी तसेच धावत आले. माजघरात प्रेत ठेवायचं, माणसं बसायची, जागा पुरेना. सम्राटनं कोपऱ्यातली पाटी कोंबडीसकट उचलली, परसात भिंतीच्या सावलीला ठेवली, वर डालगं घातलं आणि कुत्र्यानं पाडू नये म्हणून डालग्यावर दगड ठेवला. पोरानं जपूनच ठेवली होती. पण ती सावली सकाळची होती.

आमच्यात रक्षाविसर्जन होईपर्यंत विधवेनं कोपरा सोडायचा नसतो. धोंडुबाई भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आलेल्या सुनेला तिनं हळूच विचारलं, "वर्षा, काळीला पाणी दावलंस?"

सून तोंड उघडायच्या आत धोंडुबाईची नणंद हौसाबाई कडाडली, "आगं वैनी, माझ्या भावाची राख अजून गरम हाय, आन् तुला कोंबडीची पडलीया व्हय?"

"तसं न्हवं वन्सं..."

"मग कसं? डोळ्यात टिपूस न्हाय. कोंबडीला मातूर पाणी पायजे!"

जमलेल्या बायकांतल्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. धोंडुबाईनं मान खाली घातली. पुन्हा तिनं विचारलं नाही. वर्षाराणीही हौसाबाईच्या धाकानं परसाकडं फिरकली नाही. तिला वाटलं, भूक लागली तर कोंबडी ओरडंल की.

मागच्या भिंतीतून धोंडुबाईला कुरकुर ऐकू येत होती. दुपारी ऊन परसात उतरलं तशी कुरकुर चढली, मग घोगरी झाली, मग तुटक. घरात बायका जोतीरामाच्या आठवणी काढून हेल काढत होत्या, आणि धोंडुबाई त्या हेलांच्या मधल्या जागा ऐकत होती. ऊन कलायच्या आधीच कुरकुर थांबली. उंबरा चार हातांवर होता. ती उठली नाही.

रक्षाविसर्जन करून माणसं नदीवरून आली तेव्हा ती उठली आणि सरळ परसात गेली. तिनं दगड बाजूला केला, डालगं उचललं. काळी अंड्यांवरून हलली नव्हती. पंख पसरलेले, चोच उघडी, खाली एकही अंडं उघडं नाही. धोंडुबाईनं एक अंडं पाटीच्या काठावर फोडलं. आत पिल्लू पुरं झालेलं होतं. काळी लव, नखंसुद्धा.

तिथंच फतकल मारून ती मोठ्यानं रडली. माणसं धावली. सम्राट म्हणाला, "आई, उठ गं. कोंबडीचं काय येवढं? मशीनवरची पिल्लं आणतो की मी."

हौसाबाई म्हणाली, "भावासाठी रडली न्हाईस, आन् कोंबडीसाठी?"

धोंडुबाईनं तोंड पुसलं. "तुमचा भाऊ दुखण्यानं गेला, वन्सं. हिला आपण मारलं."

सम्राट डालग्यावरच्या दगडाकडं बघत उभा राहिला. धोंडुबाईनं कुदळ मागितली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि अंड्यांवर बसलेली काळी तशीच पाटीसकट पुरली.

आता वाडीतल्या लेकी सासरी जातात, रिकाम्या हातानं जातात. सम्राटनं आणलेली पांढरी पिल्लं धोंडुबाईच्या दारात वाढली. ती त्यांना दाणे टाकते. पण त्यातली एखादी खुडूक झाली, कुरकुरायला लागली, की धोंडुबाई पाटी ठेवत नाही. ती उठते आणि शेताच्या वाटेला लागते.