बारा ते चार, मिरची सोडून

दिनांक २१ जानेवारी १९७९, रविवार. दंडाची रक्कम आठ आणे. हजर, आमच्या लायनीतल्या सात घरांचे सात पुरुष. जागा माझी ओसरी.

वर्ध्यात स्टेशनच्या पलीकडे भिंतीला भिंत लागून ही सात घरं होती. एका घरात कढईत उलथणं फिरलं की तिसऱ्या घरात कळायचं. माझ्या डाव्या भिंतीपलीकडे राहणारे शेजारी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. ड्युटी रात्री बारा ते सकाळी आठ. आम्ही त्यांना केबिनवाले भाऊ म्हणायचो. घरी येऊन आंघोळ, जेवण, चार कामं उरकून ते बाराला पडत आणि चारला उठत. त्या चार तासांत कोणाचा रेडिओ, कोणाच्या पोरांचं क्रिकेट. डिसेंबरात ड्युटीवर त्यांचा डोळा लागला आणि साहेबांनी पाहिलं. पुन्हा असं झालं तर दूरच्या स्टेशनावर बदली, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं. त्यांची दोन्ही मुलं इथल्या शाळेत होती. हे सगळं त्यांनी मला खाली मान घालून सांगितलं.

तोडगा मला मुंबईत सापडला होता. तिथं माझ्या मोठ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली पाटी होती, दुपारी दोन ते चार शांतता पाळावी. तोच नियम मी आमच्या मापाचा केला. वेळ बारा ते चार. भिंतीपलीकडे ऐकू जाईल तो आवाज. दर खेपेला दंड आठ आणे, ज्याची झोप मोडली त्याला रोख. सातही जणांनी सह्या केल्या. लायनीतले सर्वांत वयस्कर, रिटायर मास्तर, यांनी रेडिओचं काय, एवढंच विचारलं. अडीच महिने एकही दंड पडला नाही. मी खूश होतो.

८ एप्रिल, रविवार. अल्लीपूरहून सासऱ्यांनी पाठवलेली पाच किलो मिरची सकाळपासून अंगणात वाळत होती. मी जेवून पेपर वाचत बसलो होतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी मागच्या अंगणात उखळावर मुसळ पडायला लागलं. एक नाही, दोन. एक वर तर एक खाली. मी घाईघाईनं मागे गेलो. बायको पदर नाकाला बांधून कांडत होती. तिच्यासमोर दुसऱ्या मुसळाला केबिनवाल्या भाऊंची बायको.

मी घड्याळ दाखवलं. बायकोनं मुसळ थांबवलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शिंक आली. मग दुसरी. मिरचीची खकाणी खिडकीतून थेट त्यांच्या बाजेवर गेली होती. सहा शिंका मी मोजल्या. सातवी देत भाऊ आमच्या मागच्या दारात आले. डोळे लाल, लुंगी एका हातात धरलेली. बायकोला पाहून ते थबकले.

"तूबी इथंच?"

"एकटीनं कांडणं होते का? आज त्यायचं, उद्या आपलं," ती म्हणाली.

मग माझ्या बायकोनं मला विचारलं, "शिंका भिंतीपल्याड आयकू गेल्या. त्याचा दंड कोणाले?"

मी ठरावाची वही आणली. शिंकेबद्दल त्यात काही नव्हतं. मिरचीबद्दलही नव्हतं. ठराव थंडीत झाला होता आणि मिरची चैत्रातली. भाऊ पायरीवर बसले आणि म्हणाले की आज रात्री आपण उभ्यानं ड्युटी करू, बसलो तर झोपू. त्यावर कोणी हसलं नाही.

संध्याकाळी पुन्हा बैठक. या खेपेला चौदा जण. मास्तरांनी सुचवलं की कांडण सकाळी करावं. माझी बायको म्हणाली, "सकाळी मिरची वातड राह्यते. उन्हानं कडक झाली का तवाच कांडा लागते, दुपारी. सात जणांत एकालेबी हे मालूम नवतं. जानेवारीतच बोलावलं असतं तं सांगितलं असतं."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. मी भाऊंना ड्युटीचा तक्ता आणायला सांगितला. त्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. सोमवारची रात्र ते घरी झोपत, म्हणजे मंगळवारी दुपारी जागे असत. सात घरं, दोन उखळं, तीन मंगळवार. एका दुपारी तीन घरं, मग दोन, मग दोन. ठरावाला पुरवणी जोडली आणि तिच्यावर चौदा सह्या झाल्या.

भाऊंनी ती रात्र खरोखर उभ्यानं काढली. पहिल्याच मंगळवारी त्यांनी बायकोच्या हातातलं मुसळ घेतलं आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचा ताल चुकला. आमच्या दोघांच्या बायका त्यांना पार दुपारच्या गाडीसाठी रेल्वेचं गेट लागेपर्यंत हसल्या. त्या वर्षी त्यांची बदली झाली नाही. मुलं मॅट्रिक इथूनच झाली.

राहिला ८ एप्रिलचा दंड. मुसळं दोन म्हणून मी तो निम्मा निम्मा केला. एक पावली मी दिली, एक भाऊंच्या बायकोनं, दोन्ही भाऊंच्या हातात. दुसरी पावली आपणच सकाळी भाजीसाठी दिली होती, असं भाऊंचं म्हणणं पडलं. तशी नोंद कुठं नव्हती, म्हणून ते मी धरलं नाही. केबिनवाल्या भाऊंना एकूण आठ आणे पोचले.