चांगुणाबाईचं बोट

चांगुणाबाई भूतखेत मानत नव्हती. चिटगुप्पा गावच्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला वंदनेला पहिल्या ओळीत बसणारी बाई. रस्त्यात उतारा दिसला तर त्यातलं लिंबू चपलेनं बाजूला सारून सरळ पुढं जायची. भूत मानत नव्हती, पण स्वतःचं बोट मानत होती. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट ती कायम दुमडून ठेवायची आणि काही दाखवायचं झालं तर हनुवटी पुढं करायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हिचा राक्षस हातालाच चिकटलेला. पळणार तरी कुठं?

कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू नये, ते कुजतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चांगुणाबाई आणि तिची धाकटी बहीण शेवंता यांची लग्नं एकाच मांडवात झाली. शेवंता कडगंचीला दिली. तिचे दिवस भरत आले तेव्हा चांगुणाबाई भेटायला गेली आणि उंबऱ्यातूनच तिच्या पोटाकडे बोट करून हसली, "पोरगाच हाय बघ, शेवंते!"

शेवंता हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिला मेलेलं मूल झालं. बाजेवर पडल्या पडल्या तिनं एवढंच विचारलं, "अक्का, बोट कामून दाखवलंस?"

तो प्रश्न चांगुणाबाईच्या घरी राहायला आला, तो गेलाच नाही. पीठ चाळताना चाळणीतून ऐकू यायचा, नळाला पाणी आलं की नळातून. लेक दीपमाला पोटात होती तेव्हा तिनं स्वतःच्या पोटाकडे बघायचंसुद्धा टाळलं. नवरा भीमराज हयात होता तोवर तो थट्टा करायचा, "बोटाला टोपी शिवू का?" तेवढ्यापुरतं घर हलकं व्हायचं. तो गेला, दीपमाला लग्न होऊन उदगीरला गेली, आणि मग घरात प्रश्नाशिवाय दुसरं कुणी बोलणारं उरलं नाही. तिनं चूल पेटवायचंच सोडलं.

शेजारच्या आशाताईनं तिला ओढतच एका संस्थेच्या बागेत नेलं. एकट्या पडलेल्या, मन खचलेल्या माणसांनी तिथं सकाळी वाफ्यात राबायचं, निघेल त्या भाजीचा स्वयंपाक शिकायचा आणि एका पंगतीत जेवायचं. शिकवणारी श्रीदेवी घरी कन्नड बोलणारी, पण मराठीत चांगली दटावायची. सोबतीला काशप्पा नावाचा म्हातारा हमाल होता. बायको गेल्यापासून तो चहा-बिस्किटावर जगत होता. त्याची भाकरी कधी गोल झाली नाही, पण जीभ चांगली चालायची. चांगुणाबाई बोट दुमडून भाकरी थापायची, त्यामुळं तिची भाकरी एका अंगाला हमखास चिरायची.

"चांगुणाबाई, तुमच्या भाकरीला उंदीर लागलाय काय?" काशप्पा म्हणाला, आणि भीमराज गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. "आई, सातवा संपत आलाय. मला न्यायला कवा यायलीस?"

"बघू," चांगुणाबाई म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा जगाचा रिवाज, आणि इथं आईच तोंड चुकवत होती. लेकीला आपल्या हाताखाली आणायचं म्हणजे ते बोटही जवळ येणार, ही तिची भीती.

मग व्हायचं ते झालं. बागेतल्या भोपळ्याच्या वेलमांडवाखाली उभं राहून काशप्पानं विचारलं, "कोणता भोपळा तोडू भाजीला?" आणि चांगुणाबाईनं बोलण्याच्या भरात एका भोपळ्याकडं बोट केलं, "त्यो नको, कवळा हाय अजून." बोलून गेली आणि पुढं आलेलं बोट बघून जागीच थिजली. चार-सहा दिवसांत तोच भोपळा बुडातून काळा पडला. ती बागेत यायची बंद झाली. दीपमालाला तिनं कळवलं, सासरीच राहा.

श्रीदेवी काशप्पाला घेऊन घरी आली. पिशवीत तो भोपळा होता, आणि मांडवाच्या मागच्या अंगाचे, जिथं कुणी फिरकत नाही तिथले आणखी दोन. तिन्ही सडके. तिनं ते उभे चिरले. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"फळमाशी, मावशी. कवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. या दोघांना कुणी बोट दाखवलं?"

"कावळा बसायला आन् फांदी मोडायला," काशप्पा म्हणाला. "चला, भाकरी थापायला माणूस न्हाई."

चांगुणाबाई अळ्यांकडे बघत राहिली. "मग शेवंताचं लेकरू कामून गेलं?"

श्रीदेवीनं सुरी खाली ठेवली. "ते मला ठाव नाही, मावशी."

मोकळं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. इतकी वर्षं गुन्हेगार हातातच होता, आता तोही सुटला. रिकाम्या घरात प्रश्न अजून मोठ्यानं घुमू लागला. शेवटी तिनं कडगंचीची वाट धरली. त्या बाळंतपणानंतर तिथं एखाद्या मयतीला नाइलाज म्हणून गेली तेवढीच, एरवी लग्नातसुद्धा ती शेवंतापासून लांब बसायची.

शेवंता अंगणात तूर पाखडत होती. चांगुणाबाईनं बसायच्या आधीच विचारलं, तुझं लेकरू कशानं गेलं? सूप थांबलं.

"तू यायच्या आदल्या दिशी मी घागर घिऊन विहिरीच्या पायरीवर पडले व्हते," शेवंता म्हणाली. "सासू जाऊ नको म्हणाली व्हती, तरी गेले. तवापासूनच ते हालत नव्हतं. भ्यानं कुणाला बोलले न्हाई. तू आलीस, बोट दाखवलंस... आन् मला कुणावर तरी टाकायला मिळालं."

चांगुणाबाईच्या अंगाचा भडका उडाला. "जल्मभर मी हे वागवलं, शेवंते! एकदा तरी सांगायचं!"

"कवा सांगू? तू परत आलीसच कुठं?" शेवंता म्हणाली. "मला बी सुख न्हाई, अक्का. घागर भरायला वाकले की त्या पाण्यात मला तेच दिसतंय."

 शेवंता उठली, तेल आणलं, चांगुणाबाईचा हात मांडीवर घेतला आणि दुमडलेलं बोट सरळ करायला लागली. ते पुरतं सरळ होईना. इतक्या वर्षांत सांधा आखडला होता.

चांगुणाबाईनं डाव्या हातानं फोन लावला. "दीपे, मी शनिवारी न्यायला येते."

पलीकडून दीपमालानं विचारलं, "आई, भ्या गेलं का तुझं?"

"न्हाई गं. लई वाटायलंय," चांगुणाबाई म्हणाली. "पर तू ये. मावशीला बी आणायलेय."

शेवंता मान खाली घालून बोट चोळत राहिली.